तळाला भोक असलेलं भांडं

एमएला मी प्राचीन इतिहास घेतला तेव्हा आमच्या बोरिवलीच्या इमारतीत सगळ्यांनी एकच विचारलं, याने नोकरी लागते का? बाबांनी विचारलं नाही. गिरणी सुटल्यापासून ते घरीच असायचे आणि माझी परीक्षा घ्यायचं त्यांना वेडच लागलं होतं. लायब्ररीच्या पुस्तकात क्रीट बेटावरच्या मिनोअन भांड्यांची चित्रं होती. खालच्या मजकुरावर हात ठेवून ते विचारायचे, "ह्या कशाक?"

माणसाएवढा पिथोस धान्य नि तेल साठवायला. "म्हणजे रांजण," बाबा निकाल द्यायचे. चोचीची सुरई ओतायला. अरुंद तोंडाची, वर दोन कानांची बरणी गलबतातून तेल पाठवायला. गलबत म्हटलं की आमचा मालवणी गडी खूश, ते चित्र दोनदा बघायचे.

गाडी अडायची रायटनपाशी. नरसाळ्यासारखं लांबट भांडं, तळाला मुद्दाम ठेवलेलं भोक.

"देवाला धार धरायला," मी सांगितलं.

"मगे भरल्यार पाणी ऱ्हवतला कसा?"

"भोकावर बोट धरायचं. वेळ झाली की काढायचं."

"आणि येळ झाली, ह्या सांगतलो कोण?"

"बाबा, हे पेपरात येत नाही," मी वैतागून म्हटलं. ते हसत चहा मागायला गेले.

माझ्या निकालाआधीच बाबा गेले. मी एकुलती एक. काका म्हणाले, पोरी स्मशानात येत नाहीत, मडकं पुतण्या धरेल. मला राग आला, रडूही आलं. ते मडकं मला हवं होतं. सकाळपासून गप्प बसलेली आई तेवढंच बोलली, "मडका माझा चेडूच धरतला."

भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं. दर फेरीला मागून दगडाने त्याला एक भोक पाडतात, पाणी गळत राहतं. काकांनी पहिलं भोक पाडलं. गार धार पाठीला लागली आणि माझा हात आपसूक मागे गेला. बोट भोकावर बसलं, धार थांबली. माझे पायही थांबले. भटजी घुटमळले.

काका जवळ आले. सकाळचा ताठा त्यांच्या आवाजात नव्हता.

"बोट काढ गो बाये," ते म्हणाले. "येळ झाली."

मी बोट काढलं.