गावच्या पोराला मी पाहुणा म्हटलं

आमच्या गावात आजही सांगतात, की तो फुटबॉलवाला गावाला कंटाळून निघून गेला. हे खोटं आहे. ते मीच पसरू दिलं.

तो गावातल्याच मुसलमान पिंजाऱ्याचा मुलगा. त्याची आई मला राखी बांधायची, म्हणून मी त्याचा मामू. मुंबईच्या एका क्लबकडून तो बरीच वर्षं बचावफळीत खेळला. गुडघा गेला, करार संपला आणि तो परत आला. नेमका दुष्काळ होता. तळं आटून तळाला भेगा पडल्या होत्या.

त्या तळ्यातच त्यानं राखेनं मैदान आखलं. आधी टोपल्या भरून गाळ बाहेर टाकायचा, मगच चेंडूला पाय लावायचा, असा त्याचा नियम. स्वतः लंगडत टोपली उचलायचा. पोरांमागून त्यांचे बाप आले, शेवटी आमच्या सोसायटीचा ट्रॅक्टरही आला. मी चेअरमन होतो.

एकदा मी म्हणालो, "तळं भरलं की तुझं मैदान बुडंल की रे!"

"बुडू द्या की मामू, त्याच्यासाठीच तर खोदायलोय. तुमी मला गोदामामागची पडीक जागा द्या."

"दिली," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी तळं भरलं आणि जागेचा विषय वार्षिक सभेत आला. तो मागच्या रांगेत बसला होता. एक संचालक उठला. "जागा सोसायटीची हाय. आज मैदान म्हणतेत, उद्या तिथं काय उभं राहील, कुणी सांगावं?"

त्याचा रोख सगळ्यांना कळला. त्याला तिथंच गप्प करायला हवं होतं. पण निवडणूक जवळ आली होती. मी माइक ओढला आणि हसून म्हणालो, "आपले पाव्हणे शहरातले मोठे खेळाडू. त्यांचं इथं लई दिवस मन रमतंय व्हय? मग जागा अडकवायची कावून?"

हशा पिकला. आमच्या सभेत ठराव वाचून व्हायच्या आधीच 'मंजूर, मंजूर' ओरडायची रीत. जागा न देण्याच्या ठरावावर तसंच सगळे ओरडले. मैदान तिथंच संपलं.

पाव्हणं हा आमच्याकडे मानाचा शब्द. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही आम्ही पाव्हणं म्हणतो. पण गावात जन्मलेल्याला तसं म्हणणं म्हणजे, तू आमचा नाहीस, असं गोड आवाजात सांगणं. हे मला माहीत होतं. म्हणूनच तो शब्द मी निवडला.

सभा उठल्यावर तो जवळ आला. "काय चेअरमनसाहेब, चहा न पाजताच पाव्हण्याला वाटंला लावता व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. त्यानं मला मामू म्हटलं नव्हतं.

महिन्याभरात तो आईला घेऊन बीडला गेला. तिथं एका शाळेच्या मैदानावर पोरापोरींना शिकवू लागला. राखीला त्याची आई आली नाही. मीही गेलो नाही.

यंदा धीर करून बीडला गेलो. तो मैदानावरच भेटला. केस पिकलेत. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी मुद्दाम तसं बोललो."

"मला काय सांगता?" तो म्हणाला. "मला तवाच कळलं होतं. गावाला सांगा."

तेवढ्यात पलीकडे एक पोरगी पडली. तो तिच्याकडे गेला आणि परत आला नाही. मी थोडा वेळ थांबलो, मग स्टँडवर आलो.

सभेत आता मला कुणी माइक देत नाही. म्हणून हे छापायला दिलं आहे.