मी न तपासलेले डोळे

मी गोऱ्या बॉक्सरच्या छातीवरून स्टेथोस्कोप उचलला, तसा त्याच्या ट्रेनरने टॉवेल घेतला आणि ती जागा खसाखसा पुसली. माझ्यादेखत. ब्रिस्टलमधल्या एका क्लबचा हॉल, ऐंशीच्या दशकातली शनिवारची दुपार. मी पुण्याहून आलेला, हॉस्पिटलातला ज्युनियर डॉक्टर. क्लबच्या लढतींना डॉक्टर म्हणून बसायचं काम सीनियरने माझ्या गळ्यात मारलं होतं. टॉवेल बघून मी काय केलं? हसलो.

पुढचा बॉक्सर काळा. विमानाच्या कारखान्यात फिटर, पंचविशीचा. हळूच म्हणाला, "डॉक्टर, दोन दिवस डोकं दुखतंय." डोळ्यांच्या बाहुल्या बघायला मी टॉर्च काढला. क्लबच्या सेक्रेटरीने त्यावर हात ठेवला.

"डोळे कशाला बघता, डॉक? या लोकांची कवटी जाड असते. यांना फक्त पोटात लागतं." मग त्याच्याकडे वळून, "मर्द आहेस ना? की घाबरलास?"

मी टॉर्च परत खिशात ठेवला.

भिंतीवर जुन्या चॅम्पियन्सचे फोटो होते. सगळे गोरे. एके काळी या देशात किताबासाठी लढायला आई आणि बाप दोघेही गोरे लागत. तो नियम जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. सेक्रेटरीच्या डोक्यातून गेला नव्हता. मी कवटी उघडून शिकलेला माणूस, तरी तोंडातून ब्र काढला नाही. उलट पुन्हा दात काढले. तेवढ्यापुरता मी त्यांच्यातला झालो, असं वाटलं मला. सांगायला लाज वाटते. कार्डावर 'फिट' लिहून सही केली. तो बघत होता.

तिसऱ्या राउंडला तो कोसळला. उठला, आणि भलत्याच कोपऱ्याकडे चालू लागला. लढत थांबवायला मी उभा राहिलो. सेक्रेटरीने कोट धरून मला खाली ओढलं.

"बसा. यांना काही होत नाही."

मी बसलो.

मेंदूत रक्तस्राव. ऑपरेशननंतर तो जगला, पण उजवा हात गेला, जीभ जड झाली. वॉर्डात मी त्याच्यासमोर उभा राहिलो. शब्द शोधत शोधत तो म्हणाला, "टॉर्च तुमचा होता ना?"

मी खिशातला टॉर्च चाचपला आणि वॉर्डाबाहेर पडलो.

आठवड्याने, चौकशी लागल्यावर, सेक्रेटरी टाइप केलेला कागद घेऊन आला. डोकं दुखत असल्याचं बॉक्सरने डॉक्टरांपासून लपवलं, असा मजकूर. खाली माझं नाव.

"सही करा, डॉक. तुमचीही नोकरी वाचेल."

नोकरीचं तो खोटं बोलत नव्हता. घरी बायको, पाच महिन्यांची मुलगी, आणि या देशातलं राहणं नोकरीवर अवलंबून. पण या वेळी हसू आलं नाही. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'डोकं दुखतंय, असं त्याने मला सांगितलं होतं. मी त्याचे डोळे तपासले नाहीत.' खाली सही केली.

याने त्याचा हात परत येणार नव्हता. माझी सुटकाही होणार नव्हती. पण ठरवलं, चौकशीत हे मीच वाचायचं. उभं राहून. आणि कोणी कितीही कोट ओढला, तरी बसायचं नाही.