फिकं धान आणि विलासची सोयरीक

आमच्या धान संशोधन केंद्रात पगाराच्या आधी किस्सेच जमा होतात. चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. पण कोंढा गावच्या विलासच्या बांधीतले, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतातले किस्से मी छाती फुगवून सांगतो, कारण त्या बांधीतला चिखल मीही तुडवलाय!

आमच्या मॅडमनी जीन निवडून धानाचा नवा वाण तयार केला. पानं मुद्दाम फिकी. वरची पानं सगळं ऊन अडवत नाहीत, ते खालच्या पानांपर्यंत उतरतं आणि अख्खं झाड कामाला लागतं. चाचणीसाठी विलासनं एक बांधी दिली. गावातला जो तो थांबून विचारायचा, धान बिमार आहे काय?

*

पान किती काम करतं ते मोजायचं मशीन असतं. पान चिमट्यात धरायचं, पण जवळ श्वास सोडायचा नाही, रीडिंग बिघडतं. म्हणून मॅडम भर उन्हात पान धरून तोंड फिरवून उभ्या राहायच्या. विलासच्या आईनं एकदा मला बाजूला घेतलं. "बाईले आपल्या धानाचा वास येते काय गा?"

*

लाखनीचे सीतारामजी विलासला मुलगी द्यायची म्हणून शेती बघायला येणार होते. आदल्या दिवशी आई युरियाची चुंगडी घेऊन बांधावर! पाहुण्यांपुढे धान हिरवं दिसायला पाहिजे ना. मी हातापाया पडलो. युरिया पडला असता तर मॅडमची चाचणी वाया गेली असती. शेवटी विलासच मधे पडला. "राहू दे आई. सोयरीक दुसरी येईन."

सीतारामजींनी बांधी पाहिली आणि चहा अर्धा ठेवून उठले. ज्याचं धान असं पिवळं, तो माझ्या पोरीले काय पोसणार, असं चार लोकांत बोलून गेले. मॅडमना कळलं तेव्हा त्या मशीन घेऊन पुन्हा बांधीत उतरल्या.

*

शेजारच्या बांधीत विलासचं नेहमीचं धान होतं, बांध्या दोन्ही सारख्याच आकाराच्या. पण मळणीला नेहमीच्या धानाशेजारी फिक्या धानाची रास पडली, ती चांगलीच मोठी. मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्याही आलं, त्यात लाज कसली! गावभर बोभाटा झाला आणि दोन दिवसांनी सीतारामजी न बोलावता हजर. दाणा दातानं फोडून बघितला. मग विलासच्या आईला हळूच म्हणाले की त्या दिवशीचा चहा तेवढा राहिला होता.

*

लग्नाच्या दिवशी विलास मंडपात आला, तो हळदीनं कानापर्यंत पिवळा. वऱ्हाडातलं कोणीतरी म्हणालं, नवरदेव बिमार दिसून राहिला.

सीतारामजी हसले नाहीत. मॅडमकडे बघत सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पिवळाच राहू द्या त्याले. युरिया नका टाकू कोणी!"