पुतळाबाईंनी भाची देऊन टाकली

कळंबोलीच्या कबड्डी स्पर्धेत नावड्याच्या पोरी उपांत्य फेरीत एका गुणाने पुढे होत्या आणि शेवटची चढाई समोरच्यांची होती. काम एवढंच होतं की मागे सरून उभं राहायचं आणि चढाईवालीला रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचं. पण डाव्या कोपऱ्यातली भाविका वेळेआधीच तिच्या घोट्यावर झेपावली. हात निसटला. मदतीला धावलेली दुसरी पोरगीही बाद झाली, दोन गुण गेले आणि सामनाही गेला.

शिट्टी वाजायच्या आत प्रेक्षकांतून पाण्याची बाटली आली आणि भाविकाच्या पाठीवर आपटली.

"घरी बस गं, भाकऱ्या थाप!"

"आत्या कोच हाय म्हनून टीममदी!"

ओरडणारे परके नव्हते, नावड्याचेच होते. कोच पुतळाबाई घरत मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. त्या भाविकाच्या सख्ख्या आत्या. त्यांनी ना ओरडणाऱ्यांना दटावलं, ना पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "बॅग उचल, गाडीत बस," एवढंच म्हणाल्या.

पुतळाबाई अशाच. ऐन तारुण्यात जिल्ह्याकडून खेळलेल्या. लग्न झालं आणि वर्ष उलटायच्या आत त्या माहेरी परत आल्या. का आल्या ते कोणाला सांगितलं नाही आणि पुन्हा कोणी विचारलंही नाही. भावाच्या घराला लागून त्यांची एक खोली. दिवसा तळोज्याकडच्या एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीची ड्युटी, संध्याकाळी गावच्या मैदानात पोरींची प्रॅक्टिस. त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकलेली पोरगी गावात सापडली नसती. शिव्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, आणि सगळ्यात जास्त भाविकाने. घरची म्हणून जरा जास्तच.

भाविका एकोणीस वर्षांची. ती चढाई करत नसे. तिला फक्त पकड यायची, पण काय यायची! दोन वर्षांपूर्वी तिने घोट्यात हात घातला की चढाईवाली जागच्या जागी बसायची. मग काय झालं कोणास ठाऊक, पकडी सुटायला लागल्या. कर्णधार मनस्वी, म्हणजे गावच्या मंडळाचे अध्यक्ष नामदेवभाऊंची मुलगी, भर मैदानात तिच्यावर खेकसायची. पुतळाबाईंनी तिला कोपऱ्यातून काढून मध्ये खेळवलं, परत कोपऱ्यात आणलं, दोन सामने बसवून ठेवलं. प्रत्येक उपायाने पोरगी अजून बिघडली.

कळंबोलीहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळाबाईंना खांदेश्वरच्या क्लबच्या सुगत जाधवांचा फोन आला. ते तिथले कोच. सरळ मुद्द्यावर आले.

"मॅडम, तुमची लेफ्ट कॉर्नर आम्हाला द्या. बदल्यात आमची अक्षता घ्या. चांगली रेडर आहे, चढाईला पक्की. आमच्याकडे तशा तीन आहेत."

"आमची पोरगी रस्त्यावर पडलीय काय?"

"कालचं बघून तसंच वाटलं," सुगत म्हणाले. "विचार करा आणि सांगा. मला घाई नाही, तुम्हाला असेल."

पुतळाबाईंनी फोन कापला. पण विचार सुटला नाही. गेटवर गाड्यांना बॅरियर उचलून देताना त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षभराचे सामने येत होते. अलिबागला भाविका बरी खेळली होती, पालीलाही. बिघडायची ती गावाजवळच्या मैदानावर, जिथे ओळखीचे आवाज कानावर पडायचे. चढाईवालीच्या पायांकडे बघायचं सोडून ती त्या आवाजांना उत्तर द्यायला झेपावायची. इथे राहिली तर हे सुटणार नव्हतं. वहिनी तर आत्ताच स्थळं बघायला लागली होती.

मंडळ बदलायचं तर जुन्या मंडळाची परवानगी लागते. म्हणून समाजमंदिरात बैठक बसली. भाविकाला बोलावलं नव्हतं.

नामदेवभाऊ म्हणाले, "गावची पोरगी खांदेश्वरच्या कॉलनीवाल्यांना नाय द्यायची. बसू दे बाकावर."

"खेळवनार नाय, तर ठेवून काय करनार?" पुतळाबाईंनी विचारलं.

"उद्या तिकडून खेळली आनि आपल्याच पोरींना धरलं तर? त्यापेक्षा बसलेली बरी."

दोघातिघांनी माना डोलावल्या. त्या माना बघून पुतळाबाईंचं ठरलं.

"अक्षता आपल्याला पायजे," त्या म्हणाल्या. "मनस्वीला जोडीला रेडर नाय, म्हनून ती दमते आनि आपन हरतो. भाविकाला देऊन टाका. मी कोच हाय, मी सांगते."

"तुझ्या सख्ख्या भाचीला?"

"हो. काय उपयोग हाय तिचा?"

मनस्वीला जोडीदार मिळणार म्हटल्यावर नामदेवभाऊ तयार झाले. सौदा ठरला. पण पुतळाबाईंचं शेवटचं वाक्य त्यांच्या आधी घरी पोचलं होतं.

वहिनी दारातच उभी होती. "जल्लं तुझं ते तोंड! सोताला पोर नाय, म्हनून माझी वाटून टाकलीस काय?"

 तिच्या मागून भाविका आली. रडून डोळे सुजले होते, पण आवाज थंड होता.

"आत्या, मला विचारलंस?"

"तुला काय इचारायचं? हितं तू घाबरून खेळतेस."

"मला कोनी घाबरवलं? बाटली मारनाऱ्यांनी? ते वर्षाला चार सामने बघतात. तू रोज संध्याकाळी होतीस."

  पुतळाबाई आपल्या खोलीत गेल्या आणि त्या दिवसापासून दोन घरांमधलं बोलणं बंद झालं.

भाविका खांदेश्वरला जायला लागली त्या आठवड्यात पुतळाबाईंनी सुगतना फोन केला.

"तिच्यावर ओरडू नका. चुकली तरी सामन्यात काय बोलायचं नाय."

"मला कोचिंग शिकवताय?"

"मी जे केलं ते करू नका, एवढंच सांगते. आनि माझा फोन आला होता, हे तिला कळता कामा नये."

सुगतनी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

नावड्यात अक्षताचं स्वागतही काही गोड झालं नाही. पहिल्या दिवशी मनस्वीने तिला कपडे बदलायच्या खोलीबाहेर थांबवलं. "आधी टीमचं बदलून होऊ दे, मग ये," म्हणाली. पुतळाबाईंनी मनस्वीला मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. अध्यक्षांच्या मुलीला शिक्षा केली म्हणून गावात कुजबुज झाली, पण अक्षता टिकली.

त्या हिवाळ्यात जिल्हा स्पर्धेत नावडे आणि खांदेश्वर समोरासमोर आले. भाविका डाव्या कोपऱ्यात उभी होती. गावातून आलेल्या पोरांनी तिचं नाव घेऊन घाण घाण आरोळ्या दिल्या. तिने एकदाही मान वळवली नाही. मनस्वीची पहिली चढाई तिने जाऊ दिली. दुसरीही. तिसऱ्या वेळी मनस्वी परतायला वळली, तिचा मागचा पाय क्षणभर रेंगाळला आणि भाविकाने घोटा धरून तिला पाडलं. पुढे तिने मनस्वीला आणखी दोनदा धरलं.

पुतळाबाई नावड्याच्या बाजूला उभ्या होत्या. मनस्वी धापा टाकत त्यांच्याजवळ आली. "तुम्हीच तिला माझे डाव सांगितलेत ना?"

"तुझा पाय मागं राहतो हे मी तुलाच दोन वर्सं सांगते," पुतळाबाई म्हणाल्या. "तुझ्या चढाया बंद. अक्षता जाईल."

अक्षताने खरंच सामना काढला. नावडे तीन गुणांनी जिंकलं. रांगेत हस्तांदोलन करताना भाविका आत्याच्या समोर आली, हात पुढे केला आणि नजर पलीकडे मैदानावर ठेवून निघून गेली.

"सौदा फायद्याचा झाला हां, पुतळा," नामदेवभाऊ खुशीत म्हणाले. जत्रेत बैल विकून आल्यासारखे.

"त्या ओरडनाऱ्या पोरांची तोंडं आवरा आधी," पुतळाबाई म्हणाल्या. "पुढल्या सामन्याला हे ऐकलं, तर दुसरी कोच शोधा."

ते हसले. त्यांना ती गंमत वाटली. पुढच्या सामन्याला एक पोरगी चुकली, पोरं तशीच ओरडली आणि पुतळाबाईंनी मैदानाची किल्ली समाजमंदिराच्या टेबलावर ठेवून दिली. त्यांना परत बोलवायला कोणी आलं नाही.

मोसम संपताना भाविकाची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. बातमी पुतळाबाईंना सुगतच्या फोनवरून कळली. संध्याकाळी वहिनी पेढ्यांचा डबा घेऊन गल्लीत निघाली. पहिल्या घरी दिले, दुसऱ्या घरी दिले. पुतळाबाई दारातच बुटाच्या नाड्या बांधत बसल्या होत्या. त्या दिवशी ड्युटी बदलून संध्याकाळची झाली होती. वहिनी त्यांच्यासमोरून गेली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.

पुतळाबाईंनी दुसरी नाडी बांधली, टोपी घातली आणि त्या कामावर गेल्या.