फक्त द्रावकाची ओळ

पेइ-रोंगताई बसली की तिच्याआधी खुर्ची थकते, असं आमच्या ताइनानच्या प्रयोगशाळेत म्हणायचे. पाय हलत राहणार, पेन टकटकत राहणार, हातातली कुपी उजेडात फिरत राहणार.

खारफुटीच्या चिखलातल्या एका बुरशीतून तिने पिवळसर पदार्थ वेगळा केला होता. कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम दिसला तर पदवी. नाहीतर नवी बुरशी, नवा चिखल. पदार्थ पाण्यात विरघळेना, अल्कोहोलमध्ये काचेला चिकटून बसे. विरघळला तो डीएमएसओ या द्रावकात. पण त्याचा थेंब पेशींच्या द्रवात पडला की सगळं गढूळ व्हायचं. मग ताईने डीएमएसओचं प्रमाण वाढवलं. द्रव नितळ राहिला आणि पेशी धडाधड मेल्या.

पदार्थ लागू पडला म्हणून आमच्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसाठी दुधाचा चहा मागवला. संध्याकाळी ते तैपेईच्या परिषदेला सारांश पाठवणार होते.

"ताई, साखर किती सांगू?" याओ-टिंगने विचारलं.

"नको."

"आज तरी गोड पी! पेशी मेल्यात, तुझं कोण मेलंय?"

ताई हसली नाही. इनक्युबेटरकडे बघत होती. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथल्या प्रथेप्रमाणे त्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवलेली, आणि आत तिने परवा कुणाला न सांगता लावलेली एक प्लेट. त्यात पदार्थाचा कणही नव्हता. पेशींना फक्त डीएमएसओ, वाढवलेल्या प्रमाणात. पेशी मेल्या त्या वेळी, पदार्थ न दिलेल्या तुलनेच्या पेशींना तिने डीएमएसओचं जुनंच, थोडंसं प्रमाण दिलं होतं. हे तिने आत्ताच मला हळूच सांगितलं.

"मग जाऊन बघ ना," मी म्हटलं.

"चहा येऊ दे."

"आला की."

"संपू दे."

पण तिचा पेला भरलेलाच होता. शेवटी ती ताडकन उठली, प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि लगेच बाजूला झाली. "तू बघ. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

पेशी तळ सोडून, गोल होऊन तरंगत होत्या.

"मेल्यात," मी म्हटलं. "ताई, उद्या सांग. सर आज खुशीत आहेत."

"उद्या सारांश गेलेला असेल."

ती तशीच, हातमोजे न काढता, सरांपुढे उभी राहिली. "सर, पाठवू नका. पेशी डीएमएसओने मेल्या असतील. मी तुलनेत प्रमाण वाढवलंच नव्हतं."

सरांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे तुझ्या पदार्थाबद्दल आपल्याला काय माहीत आहे?"

"तेवढ्या डीएमएसओत नितळ राहतो, सर. बास."

याओ-टिंगने पुडी उचलून तारीख बघितली. "खाऊ शिळा झाला असेल."

"ताजा आहे. त्याला कशाला बोल लावतोस?" ताई म्हणाली.

सरांनी लॅपटॉप मिटला. "पदार्थ किती उरलाय?"

"कुपीच्या तळाला चिकटलाय तेवढाच. एकदा पुरेल."

"आणि तो कशात विरघळवणार?"

चारही बाजूंनी नावं आली. ॲसिटोन घे, दोन द्रावकं मिसळ, थोडं साबणासारखं काहीतरी घाल.

"आज कशातच नाही," ताई म्हणाली. "आधी ही सगळी द्रावकं नुसतीच पेशींवर घालते. ज्यात पेशी जगतील, त्यातूनच निवडेन."

पिवळ्या पदार्थाची कुपी तिने फ्रीजरमध्ये ठेवली, दार लावलं, पुन्हा उघडून कुपी आहे ना ते बघितलं. मग द्रावकांच्या बाटल्या ओळीने मांडून बसली. टेबलाखाली तिचा पाय हलायला लागला होता.