उलटली तरी उठणारी गाडी

दुकानात एक खुर्ची जास्तीची ठेवली की माणसं टेकतात, आणि माणसं टेकली की किस्से साचतात. झाडू मारून काढावे इतके. दारव्ह्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. हौसेनं मी तिथं गेमचं स्टेअरिंग लावलं, खाली क्लच-ब्रेकचे पायडल, बाजूला गिअर. त्यामुळं माझ्याकडं साचलं ते सगळं गाडीचंच.

बबनभाऊंनी बावीस वर्षं दारव्हा ते बोरी अरब सवारीची जीप चालवली. यंदा पोळ्यानंतर गाय आडवी आली आणि नाल्याच्या पुलाजवळ जीप उलटली. खरचटण्यापलीकडं कोणाला काही झालं नाही, पण भाऊंचा धीर गेला. सलीमभाईच्या गॅरेजमध्ये जीप दुरुस्त होऊन उभी, आणि भाऊ तिला हात लावायला तयार नाहीत.

शेवटी त्यांच्या बायकोनं, शोभावहिनींनी सांगून टाकलं, "चालवणं होत नसंन तर दिवाळीच्या आत इकून टाका. उभी गाडी पाहून मले रोज रडू येते."

म्हणजे दिवाळीपर्यंत भाऊंचा हात बसला नाही, तर जीप गेली. खोटं कशाला बोलू, मलाही त्या जीपचं फार वाटायचं. माझं अख्खं कॉलेज तिच्यातून झालं.

*

सलीमभाईचं गॅरेज माझ्या शेजारीच. त्याला म्हटलं, भाऊंना माझ्या गेमवर बसवू. मी एकदम खऱ्यासारखा गेम खेळणारा माणूस. क्लच चुकला की इंजिन बंद, ठोकली की खेळ खतम. शिकायचं तर असंच शिकावं, हे माझं मत.

भाऊ बसले. गाडी अशी काढली की बघत राहावं. मग घाटाचा उतार लागला आणि त्यांनी गिअर काढून गाडी न्यूट्रल केली.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"उतारावर डिझल कायले जाळू?"

वेग आवरेना, तिसऱ्या वळणावर गाडी दरीत गेली. भाऊ उठले, घटाघटा पाणी प्यायले आणि आठ दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत.

*

सलीमभाई माझ्यावर भडकला. "ज्याले भीती बसली त्याले अजून भीती दाखवतं का बे? मारधाडवाला गेम लाव."

मारधाडवाला म्हणजे भिंतीवर आदळा, ट्रकला धडका, उलटली तरी गाडी टुणकन उठते आणि पळत सुटते. असल्या गेमचा मला मनापासून राग. पण भाऊंसाठी लावला.

भाऊंनी पहिल्याच मिनिटाला एक लाल कार उडवली आणि करकचून ब्रेक मारला. शर्यत पुढं निघून गेली.

"चला ना भाऊ, थांबले काहून?"

"दम धर ना. त्याले कुठी लागलं का, पाहू दे."

*

दुसऱ्या दिवशी भाऊ एका गाडीच्या मागं पाच मिनिटं नुसती गाडी चालवत होते. मी म्हटलं, "रस्ता मोकळा हाय, काढा ना पुढं."

"हॉर्न कुठी हाय तुह्या गाडीले? न सांगता कोणाच्या बाजूनं जाऊ का?"

त्या गेमला हॉर्न नव्हताच. मग सलीमभाई खुर्चीमागं उभा राहून तोंडानं हॉर्न वाजवू लागला. इतका हुबेहूब, की फॉर्म भरायला आलेल्या दोन बाया दचकून भिंतीला लागल्या. भाऊ खदखदून हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

*

नवरा रोज जातो कुठं, हे पाहायला एकदा वहिनी आल्या. बसल्या स्टेअरिंगवर. ब्रेक नावाची वस्तू असते हे त्यांनी मान्यच केलं नाही. दिसेल त्याला ठोकत गेल्या आणि पहिल्या आल्या.

"हे एवढं सोपं हाय, तं तुमी भेता कायले?"

भाऊ माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "हिले कोणी खरी गाडी देऊ नका रे बापा."

*

गेमवर भाऊंचा हात बसला, पण जीपजवळ गेले की दारापासूनच मागं फिरायचे. दिवाळी चार दिवसांवर आली आणि महागावचा एक सोयाबीनचा व्यापारी जीप घ्यायला आला. ट्रायलला तो स्टेअरिंगवर, भाऊ शेजारी, मी आणि सलीमभाई मागं.

गडी सुटला तो सुटलाच. ब्रेकर पाहीना, खड्डा पाहीना. भाऊंनी दोनदा सांगितलं, "हळू घ्या." तो नुसता हसला. सलीमभाई माझ्या कानात म्हणाला, "हा मारधाडवाला निघाला."

तोच नाल्याचा पूल आला. पुलावर बकऱ्या, मागं एक म्हातारी. व्यापाऱ्यानं पाय काढलाच नाही. भाऊंनी हँडब्रेक ओढला. सगळ्यात पुढच्या बकरीपासून हातभर अंतरावर जीप थांबली.

"उतर," भाऊ म्हणाले. "मागं बस."

त्यांचा आवाजच असा होता की तो गुपचूप मागं आला. भाऊ सरकून स्टेअरिंगवर बसले. बकऱ्या जाऊ दिल्या, म्हातारी जाऊ दिली, गाडी पुलावरून नेली, पलीकडं वळवून परत आणली. माझे डोळे भरून आले होते.

भाऊंनी जीप गॅरेजला नेलीच नाही. सरळ स्टँडवर नेऊन बोरीच्या जीपांच्या रांगेत नंबरात लावली आणि खिडकीतून हाक मारली, "बोरी, बोरी, चला बोरी!"

माणसं चढायला लागली. पिशव्या आल्या, एक कोंबडी आली. कोपऱ्यात दाबला गेलेला व्यापारी मागून म्हणाला, "भाऊ, मंग गाडीचं कसं करायचं?"

भाऊंनी आरशात पाहिलं.

"सरकून बसा. अजून तिघं बसतात तिथं."