पूलवाले जावई

लग्न ठरताना मुलीच्या आईने नोकरीचं विचारलं, तेव्हा जावयाने छाती फुगवून सांगितलं, "प्रादेशिक विकास मंडळात मोजणीदार आहे. पुढच्या वर्षी तुमच्या ओढ्यावर पूल होतोय. लेक चालत माहेरी येईल." सासर ओढ्याच्या अलीकडे, माहेर पलीकडे. मधे गुडघाभर पाणी आणि त्याखाली गुडघाभर चिखल. वळसा घ्यायचा तर दोन बस बदलाव्या लागत. सासूबाईंनी पूल झालाच असं धरलं आणि लेक दिली.

मंडळाने अध्यक्षांच्या नावाचा कमरेएवढा दगड काठावर रोवला. मोजणीदाराने ओढा मोजला. तेवढ्यात राजधानीतल्या कुणाला तरी साक्षात्कार झाला, की मागास भागाला पूल नको, कारखाने हवेत. मंडळाचं महामंडळ झालं. कारखान्यांसाठीही पूल लागेलच, म्हणून त्याने जुना दगड उपटून आपला रोवला आणि ओढा नव्याने मोजायला लावला. कारखाने अनुदान खाऊन, ढेकर देऊन निघून गेले. मग प्राधिकरण आलं. नवे साहेब, नव्या खुर्च्या, नवा दगड, आणि चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. शेवटी अभियान आलं. त्याचा दगड सगळ्यांत गुळगुळीत होता.

"काका, आपण आता पूल बांधत नाही," अभियानाचे तरुण साहेब मोजणीदाराला म्हणाले. "लोकांना पूल बांधायला सक्षम करतो."

लोक सक्षम होतेच. पण सरकारी पूल येणार म्हणून गावाने इतकी वर्षं ओढ्यात साधा धोंडा टाकला नव्हता. मोजणीदाराला मात्र सगळे 'पूलवाले जावई' म्हणत, आणि दर वेळी त्याची मान खाली जाई.

त्यात 'पूल झाला की येईन' म्हणत थांबलेल्या सासूबाईंचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना. बायको एकदा म्हणाली, "आईने माझं घर अजून पाहिलं नाही." एवढंच बोलली, पण त्याला जेवण गेलं नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात साहेबांनी फर्मावलं, "ते उपटलेले तीन जुने दगड कचेरीच्या आवारात अडचण करतात. निकालात काढा." मोजणीदाराने ते ट्रॅक्टरवर घातले आणि सरळ ओढ्यात ओळीने उभे केले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई काठी टेकत निघाल्या. तीन अध्यक्षांच्या डोक्यांवर चपला ठेवत तिसऱ्या दगडापर्यंत आल्या आणि थांबल्या. काठ एक ढांग लांब राहिला होता. लेक काठावर उभी होती, डोळे पुसत.

सासूबाईंनी काठीने अभियानाचा दगड दाखवला. "जावईबापू, तो कधी उपटणार?"

"पुढची संस्था आली की, आई."

"मग येऊ दे लवकर. तोवर हात द्या."

मोजणीदार चिखलात उतरला आणि त्याने हात दिला.